बी पांढऱ्याचं, फूल गुलाबी!

महाशिवरात्रीच्या सुमारास मैत्रिणीनं तुम्हाला गुलबक्षीचं बी दिलं. ‘पांढऱ्या फुलाचं आहे हं,’ असंही सांगितलं. तुम्ही ते कुंडीत पेरलंत, रोज पाणी घातलंत आणि ऐन मे महिन्यात फूल उमललं ते चक्क गुलाबी! झालं. ‘खोटारडी कुठली!’ म्हणून लगेच कट्टी. वर्गातली निम्मी भांडणं अशीच असतात, पुरावा अर्धा आणि शिक्षा पूर्ण.

पण या खटल्यात मैत्रीण निर्दोष असू शकते बरं का. बी पांढऱ्याच झाडाचं होतं, फक्त त्या बीला आईबरोबर वडीलही होते!

गुलबक्षी उमलते दुपारी चारनंतर आणि सकाळी उन्हं वर आली की मिटते. रात्री लांब सोंडेचे पतंग (उडवायचे नव्हेत, फुलपाखरांचे भाऊबंद) मध प्यायला येतात. शेजारच्या लाल गुलबक्षीचे पराग एखाद्याच्या अंगाला चिकटले आणि पांढऱ्या फुलावर पडले, तर त्या बीमधून उगवलेल्या झाडाला येतात गुलाबी फुलं. लाल रंगाची सूचना एकाच बाजूनं आली, म्हणून रंग निम्माच!

कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं याच फुलावर प्रयोग केले. मेंडेलनं वाटाण्यावर केलेलं काम 1866 मध्ये छापून आलं आणि मग धूळ खात पडलं. 1900 साली ते पुन्हा उजेडात आणणाऱ्यांत कोरेन्स होता. वाटाण्यात जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांची सगळी मुलं जांभळीच निघतात. गुलबक्षी मात्र तडजोड करते. आणखी गंमत पुढच्या पिढीत. दोन गुलाबी झाडांच्या मुलांमध्ये सरासरी चारांत एक लाल, दोन गुलाबी आणि एक पांढरं. आजीचा रंग नातवंडात परत!

मग एकाच फुलावर ठिपके आणि पट्टे कुठून येतात? रंग तयार करणाऱ्या जनुकात कधी कधी एक उडाणटप्पू तुकडा घुसून बसतो, आणि रंगाचं काम बंद पडतं. एखाद्या पेशीत तो तुकडा उडी मारून निघून गेला, की त्या पेशीत आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत रंग पुन्हा सुरू. उडी लवकर मारली तर रुंद पट्टा, उशिरा मारली तर नुसता ठिपका. असे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी मक्याच्या दाण्यांत शोधले. कितीतरी वर्षं त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही, पण 1983 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. गुलबक्षीतही असा तुकडा आता सापडला आहे.

आता सुट्टी आहेच, तर स्वतःच पतंग व्हा. दुपारी तीनच्या सुमारास पांढऱ्या गुलबक्षीची फुगलेली कळी हलकेच उघडा आणि चिमट्यानं तिचे पुंकेसर काढून टाका. मधला लांब स्त्रीकेसर तेवढा जपा. संध्याकाळी त्याच्या टोकाला लाल फुलाचे पराग लावा. वर पातळ कापडाची पिशवी बांधा आणि देठाला रंगीत दोरा. एका फुलात एकच बी धरतं, म्हणून आठ-दहा फुलांवर तरी करा. बी मिऱ्यासारखं काळं झालं की काढून घ्या. ते विषारी असतं, तेव्हा धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका.

जूनमध्ये पेरलंत, तर गणपतीच्या सुमारास फुलं बघायला मैत्रिणीलाही बोलवा.