विसांवा देणाऱ्या वस्तू

‘जुनें तें सोनें’ हा विषय निबंधास घातला कीं वर्गांतील निम्म्या वह्यांत जातें येतें. पहाटेची वेळ, जात्याची घरघर, ओवी गाणारी आजी, आणि शेवटीं आजच्या धकाधकीच्या जीवनाविषयीं एक सुस्कारा, असा त्या निबंधांचा बहुधा ठरलेला क्रम असतो. भाषा गोड असते. गुणही बरे पडतात. परंतु लिहिणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं जात्याचा खुंटा घटकाभर हातीं धरलेला असतो, आणि पालकांचीही स्थिति आतां फारशी निराळी नसावी. सबब या विषयाचा थोडा विचार आपण सर्वांनीं मिळून करावा असें वाटतें.

वस्तू मनुष्यास घाई शिकवितात, तशी स्वस्थताही शिकवितात, हें खरें आहे. मोबाईल हातीं असला कीं तो दर क्षणीं कांहीं तरी मागतो. कोपऱ्यांतला माठ कांहीं मागत नाहीं. म्हणून ज्यांस संथ जीवन हवें आहे त्यांनीं आपल्या घरांतील वस्तूंकडे पाहावें, हा उपदेश चुकीचा नाहीं. चूक होते ती निराळीच. जी वस्तु हळू चालते ती विसांवा देते, असें आपण गृहीत धरितों. हळू चालणें आणि विसांवा यांत फार अंतर आहे, आणि तें जात्यापाशीं जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र दिसत नाहीं.

दोन जड दगड. खालचा स्थिर, वरचा एका हातानें फिरवावयाचा, आणि दुसऱ्या हातानें मूठमूठ धान्य तोंडांत घालावयाचें. घरांत खाणारीं माणसें दहा असलीं तर दहांचें पीठ निघालें पाहिजे. आणि तें उजाडण्यापूर्वीं निघालें पाहिजे, कारण उजाडल्यावर पाणी, शेणगोठा, स्वयंपाक आणि शेत हीं वाट पाहत असत. ही संथता जिच्या वांट्यास आली तिनें ती मागितली नव्हती. मोशेच्या नियमशास्त्रांत कोणाचें जातें गहाण ठेवून घेऊं नये असा निर्बंध आहे. जातें गेलें तर त्या घरचें अन्नच गेलें. इतकी ती वस्तु गरजेची, आणि म्हणूनच इतकी निष्ठुर. पुढें दिवस वर आल्यावर ओटीवर पानाचा डबा उघडून, अडकित्त्यानें सुपारी कातरीत कोणी निवांत बसलेला असे. त्याची ती निवांत बैठक आतल्या जात्यावरच उभी होती!

ओव्या तेथें जन्मल्या यांत संशय नाहीं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आंबेडकरही आहेत. आणि जें दुःख घरांत कोणापाशीं बोलतां येत नसे तेंही आहे. पण ओवी ही श्रमांची सोबतीण होती, विसांव्याची लेक नव्हे. पिठाच्या गिरण्या गांवोगांव झाल्या आणि ओवी मागें पडली, याची खंत अवश्य करावी. मात्र जिनें वर्षानुवर्षें दळण दळलें आहे अशी, ‘गिरणी आली नसती तर बरें झालें असतें’ म्हणणारी बाई मला अद्याप भेटलेली नाहीं. आतां लग्नांत हळदीपुरतें जातें सजवून मांडितात. तें तसेंच राहो.

मग खरा विसांवा देणारी वस्तु कोणती? माझ्या मतें जी आपणांस थांबावयास लाविते, पण त्या थांबण्याची किंमत दुसऱ्याच्या पाठीवर घालीत नाहीं ती.

माठ पाहा. नवा माठ आणला कीं तो आधीं पाण्यांत भिजत ठेवावा लागतो. पुढें त्याच्या अंगाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, बाहेर येऊन त्याची वाफ होते, आणि जातांना तें उष्णता घेऊन जातें. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे शंभर भाग पाण्यांतील दोन भाग उडून गेले, तर उरलेलें पाणी हिशेबानें दहा अंशांहून अधिक निवावें. बाहेरची उष्णता आंत येतच असल्यामुळें प्रत्यक्षांत तें तितकें निवत नाहीं. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत ही क्रिया उत्तम चालते. कोंकणांत पावसाळी दमट हवेंत तोच माठ हिरमुसून बसतो. आणि कोठेंही असला तरी माठास घाई करितां येत नाहीं. रात्रीं भरावा, सकाळीं प्यावा. कोणी न राबतां काम होतें. फक्त वाट पाहावी लागते. फ्रिजला मी नांवें ठेवीत नाहीं, औषधें व दूध त्यांतच असावें. माठ भरणें मात्र घरांतील मुलग्याकडे द्यावें. अर्थात् जेथें पाणी डोक्यावरून दूर अंतरावरून आणावें लागतें, तेथें माठही या कसोटीस उतरत नाहीं, हें विसरतां कामा नये.

वस्तु जुनी असण्याशीं या कसोटीचा कांहीं संबंध नाहीं. ज्या पोस्टकार्डाच्या संथपणाचें आज आपण कौतुक करितों तें हिंदुस्थानांत १८७९ सालीं पाव आण्यास निघालें, तें लिफाफा आणि लांबलचक मायना टाळून चार ओळींत काम उरकावें म्हणूनच. त्या काळचें तें घाईचेंच साधन!

माझी विशेष प्रीति झोपाळ्यावर आहे. आठ फूट लांब कड्यांच्या झोपाळ्यास एक पुरा हेलकावा घेण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. वर आजोबा बसोत वा नातू बसो, काळ जवळजवळ तोच. कारण तो वजनावर नसून कड्यांच्या लांबीवर अवलंबून असतो. वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांनीं घड्याळ घेऊन हें पडताळून पाहावें. पायानें कितीही जोर दिला तर झोका मोठा होतो, पण त्याची लय फारशी बदलत नाहीं. ज्या वस्तूला हुकूम करून धांवतां येत नाहीं अशी घरांत एक तरी असावी. शिवाय तिच्यावर दोघांस शेजारीं बसतां येतें, आणि समोर पाहत बोलतां येतें. जें तोंडासमोर बोलवत नाहीं तें झोपाळ्यावर सहज बोललें जातें.

नव्या इमारतींत झोपाळा टांगावयाचा असेल तर त्याचे लोखंडी आंकडे स्लॅब ओततांनाच ठेवून घेतलेले बरे. मागाहून छत फोडण्यांत खर्च फार आणि भरंवसा थोडा. तो बैठकीच्या खोलींत असावा कीं स्वयंपाकघराजवळ, हें ठरविण्यापूर्वीं घरांतील बाईस मात्र विचारावें.