‘साठी बुद्धी नाठी’? नव्हे, सुरुवात चाळिशीतच!

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की, घरातील वडीलधारी माणसे विसरू लागली तरी त्यात आजार कुणाला दिसत नाही. ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटतो. माझे मत वेगळे आहे. मेंदूची ही झीज पुष्कळदा चाळिशीत, भर नोकरीत सुरू होते आणि तेव्हाच ती रोखता येते.

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. तेव्हा हा पुण्या-मुंबईचा आजार, असे समजून निमगाव केतकीने निर्धास्त राहू नये.

नोकरीतील ताणाचा याच्याशी काय संबंध? ताण आला की शरीरात अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. तासाभराचा ताण उपयोगीच असतो. पण तो वर्षानुवर्षे टिकला की झोप मोडते, रक्तदाब चढतो, साखर वाढते. चढ्या रक्तदाबाने मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. आठवणी साठवणारा मेंदूचा भागही कॉर्टिसॉलला विशेष नाजूक असतो.

ताण फक्त साहेबाला असतो, हा समजही खोटा आहे. लंडनच्या सरकारी नोकरांची व्हाइटहॉल नावाची पाहणी प्रसिद्ध आहे. तिच्यात वरिष्ठांपेक्षा खालच्या हुद्द्यावरच्यांना हृदयविकार अधिक आढळला. काम भरपूर, पण ते कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार नाही, हे त्याचे एक मोठे कारण निघाले. याच नोकरांच्या पाहणीतून २०२१ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला.

नुसत्या नोकरीच्या ताणानेच स्मृतिभ्रंश होतो, असे मी म्हणणार नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली. त्यांत हा ताण स्वतंत्रपणे नाही. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, अति मद्यपान, नैराश्य, एकटेपणा ही आहेत. यांतल्या बहुतेकांना खतपाणी कोण घालते? ताणच ना!

आपल्या भागात साखर कारखाना, एस. टी., दूध संकलन, बारामतीची एमआयडीसी येथे पाळ्यांची कामे करणारे पुष्कळ आहेत. पन्नाशीचा गृहस्थ दवाखान्यात येतो, रक्तदाब १६०/१०० भरतो. गोळी सुरू करू म्हटले की उत्तर ठरलेले, ‘डॉक्टर, हंगाम संपू द्या, मग बघू.’ हंगाम संपतो, गोळी राहून जाते. रातपाळीत जागे राहायला तंबाखूची गोळी मात्र चुकत नाही.

म्हणून चाळिशीनंतर दरवर्षी रक्तदाब व साखर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. गोळ्या मनाने बंद करू नका. रोज अर्धा तास चाला, झोप पुरी घ्या. मन फारच खचले तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. निवृत्तीनंतर घराच्या कोपऱ्यात बसू नका. तुकोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते. दिंडी, भजन, पारावरच्या गप्पा हे मेंदूचे औषधच आहे. विसराळूपणा वाढला तर करणी-बाधा न शोधता तपासणी करा. थायरॉईडचा दोष, नैराश्य, किंवा शाकाहारी माळकरी घरांत आढळणारी बी-१२ ची कमतरता यांमुळे झालेला विसर उपचाराने सुधारू शकतो.

पण सारा भार कामगारावर टाकून चालणार नाही. रातपाळ्यांची न्याय्य वाटणी, हक्काची सुट्टी, वर्षातून एकदा तपासणी आणि कामाबाबत कामगाराचे म्हणणे ऐकणे, एवढे तरी मालकांनी व संचालकांनी करावे. यंत्राची दुरुस्ती हंगामापूर्वी होते, मग माणसाची का नको? कामगार निवृत्त होतो, पण झिजलेला मेंदू त्याच्या घरच्यांना पुढे वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.