हात हलताना मेंदू कसा चालतो, हे प्रकाश सांगतो. पण चाचणी डहाणू-तलासरीतही हवी!

अर्धांगवायूने लुळा पडलेला हात पुन्हा हलू लागतो, तेव्हा मेंदूत काय घडते? एमआरआयमध्ये पाहायचे तर रुग्णाला बोगद्यात निश्चल पडून राहावे लागते. निअर-इन्फ्रारेड प्रकाशाची टोपी मात्र खुर्चीत बसून व्यायाम करतानाही मोजणी करते.

नेमके तंत्र काय?
कोविडकाळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरचेच हे भावंड. हा प्रकाश कवटीपार जाऊन मेंदूतील ऑक्सिजनची माहिती देतो, हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवले. उजवा हात हलवला की मुख्यतः डाव्या मेंदूत रक्तपुरवठा वाढतो. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळा शोषतात. त्या फरकावरून मेंदूचे काम कळते, मात्र पृष्ठभागाजवळचेच.

अडचण कुठे?
दाट काळे केस आणि सावळी त्वचा प्रकाश जास्त शोषतात, त्यामुळे सिग्नल क्षीण होतो. शिवाय पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. त्यात हिमोग्लोबिनच वेगळे असते आणि लहान वयातही अर्धांगवायूचा धोका असतो. म्हणजे ज्यांना या तंत्राची गरज आहे, त्यांच्यावरच ते चुकण्याची शक्यता जास्त.

काय करायला हवे?
डहाणूत आयसीएमआरचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. अशा यंत्रांची पडताळणी तिथे व्हावी. सहभागींना सगळे वारलीत समजावून सांगावे, बुडालेली मजुरी द्यावी. फिकट त्वचेवर पडताळलेले यंत्र थेट इथे आणले, तर आकडे दिसतील. पण ते खरे असतीलच असे नाही.