ठसे बोटांचे, शिक्षा पाठीला

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याची परीक्षा त्याच्या हेतूची व्हावी, ऐपतीची व्हावी, कागदपत्रांची व्हावी. त्याच्या पाठीच्या कण्याची होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. आज ती तशी होते. अमेरिकेच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे व मुलाखत देण्याची सोय भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद ह्या पाच शहरांत आहे, आणि छत्तीसगड हे राज्य मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या क्षेत्रात मोडते. म्हणजे रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या सावलीत राहणाऱ्या आजीला नातवाचे तोंड पाहावयाचे असेल, तर सातासमुद्रांपूर्वी तिने अकराशे किलोमीटरांहून अधिक लोहमार्ग ओलांडला पाहिजे. तेथे दहा बोटे काचेवर टेकवावयाची, दुसऱ्या दिवशी बहुधा दोन-चार मिनिटांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची, आणि पुन्हा गाडीत बसावयाचे!

आम्ही कारकून माणसे. आम्हांस हिशेब चटकन सुचतो. केंद्र सरकारच्या नोकराला वर्षाकाठी ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते. जाण्याचा एक दिवस, ठशांचा दुसरा, मुलाखतीचा तिसरा, परतीचा चौथा. आईवडिलांना मुंबईस पोहोचविणाऱ्या मुलाची वर्षाची अर्धी रजा अशी एका शिक्क्यापायी खर्ची पडते, आणि तो शिक्का मिळेलच अशी हमी कोणी देत नाही. अमेरिकेचा १९५२ चा कायदा पर्यटकालाही, त्याने उलट सिद्ध करीपर्यंत, कायमचा राहावयास आलेलाच समजतो. अर्ज नाकारला गेला तरी २०२३ साली १८५ डॉलर झालेली फी परत मिळत नाही. गाडीभाड्याची तर गोष्टच नको. त्यात मुलाखतीची तारीख कित्येक महिने पुढची मिळावयाची, आणि रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडावयाचे! तारीख सरकली की तिकीट रद्द, आणि नव्या तिकिटासाठी पुन्हा प्रतीक्षायादीचे पारायण.

परंतु ह्या व्यवस्थेचा खरा जाच आजीला होत नाही. तो परदेशी नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाला होतो. एच-१बी व्हिसाची मुदत अमेरिकेत असता संपली तर तेथील वास्तव्य वाढवून मिळते, पण देशाबाहेर पाऊल टाकले की परत जाण्यासाठी पासपोर्टावर नवा शिक्का लागतो. हा शिक्का २००४ पर्यंत अमेरिकेतच मिळत असे. २०२४ च्या आरंभी २०,००० अर्जांपुरता तो प्रयोग पुन्हा झाला आणि तेवढ्यावरच थांबला. पूर्वी पुष्कळांचे काम मुलाखतीवाचून, कागद पाठवून भागत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत बहुतेकांना बंद झाली, आणि १४ वर्षांखालील मुले व ७९ वर्षांवरील वृद्ध ह्यांनाही सामान्यतः खिडकीपुढे उभे राहणे आले. आजारी वडिलांना भेटावयास दहा दिवसांसाठी आलेल्या मुलाचे चार दिवस ह्या पायी मुंबईच्या फेरीत जातात. पित्याच्या उशाशी बसावयाचे की खिडकीपुढे उभे राहावयाचे, हा प्रश्न ज्या नियमाने निर्माण केला, त्याला केवळ ‘कार्यपद्धती’ म्हणून सोडून देण्यास आम्ही तयार नाही.

यावर असे म्हटले जाईल, की कोणाला घरात घ्यावे हा घरधन्याचा अधिकार आहे. तो आहेच. कोणाला प्रवेश द्यावा ह्याविषयी आम्ही एक अक्षरही बोलत नाही. खिडकी कोठे असावी, एवढ्यापुरतेच आम्ही बोलत आहो. कोणी म्हणेल, सुरक्षेसाठी ठसे प्रत्यक्षच घेतले पाहिजेत. अवश्य घ्यावेत. परंतु भारताने नोव्हेंबर २०१४ पासून परदेशी पाहुण्यांना घरबसल्या व्हिसा देण्यास प्रारंभ केला. शिकागोचा गृहस्थ खुर्चीवरून न उठता अर्ज करतो, आणि त्याच्या बोटांचे ठसे येथे विमानतळावर उतरल्यावर घेतले जातात. ह्यामुळे भारताचे सार्वभौमत्व कमी झाले काय? पाहुण्याला आपण पायघड्या घालावयाच्या आणि आपल्या आजीला मात्र वीस-वीस तास गाडीत बसवावयाचे, ही कोणत्या जातीची परस्परता?

तिसरा आक्षेप असा, की रायपूरसारख्या शहरी कायमची कचेरी परवडणार नाही. कायमची कोण मागतो? जमाबंदीसाठी कलेक्टर तंबू घेऊन गावोगाव हिंडत असे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने २०१७ पासून पासपोर्टाची खिडकी जिल्ह्याच्या डाकघरापर्यंत आणून ठेवली. ठशांचे यंत्र तर त्या तंबूहूनही हलके असते! ते महिन्यातून दोन दिवस नागपुरास व दोन दिवस रायपुरास यावे, आणि मुलाखत दूरदर्शनाच्या पडद्यावरून व्हावी, ह्यात अशक्य ते काय?

अंतर ही दैवाने दिलेली वस्तू नव्हे, हे पुरानी बस्तीस वेगळे सांगावयास नको. हिच्या कज्जेखटल्यांचे कागद एके काळी मध्य प्रांताच्या राजधानीस, नागपुरास जात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली आणि वाट लांबली. १ नोव्हेंबर २००० रोजी ती रायपुरातच आली. दोन्ही वेळा डोंगर हलले नाहीत, नद्या हलल्या नाहीत. हलला तो फक्त निर्णय. ज्या गीतांजली एक्स्प्रेसने पुष्कळजण मुंबई गाठतात, तीही अशाच एका निर्णयाचे फळ आहे. १९७७ साली मधू दंडवते ह्यांनी वर्गभेद नसलेली ही गाडी सुरू केली, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. सामान्य प्रवाशाला पाठ असते, हे त्या मंत्र्याच्या ध्यानात आले होते. खिडक्यांचे नकाशे आखणाऱ्यांच्या ते अद्यापि यावयाचे आहे.

आता थोडे स्वकीयांविषयी. मुलुखाबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींत ह्या त्रासाची तक्रार क्वचितच ऐकू येते. ‘तेवढ्याच निमित्ताने मुंबई होते’, असे म्हणून जो तो बॅगा भरतो. दादरला मावशी, डोंबिवलीस मेहुणा. ठसे देऊन झाले की एखादे नाटक, येताना मसाले आणि दिवाळी अंक. हे समाधान गोड खरे, पण ते महागही आहे आणि आपमतलबीही. ज्याची मुंबईत मावशी नाही, त्या शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबाने कोणाकडे उतरावे? त्याच्या वाट्याला लॉजचे भाडे येते, अनोळखी भाषा येते आणि दलालाचा हात येतो. आपल्या मायभूमीची ओढ दुसऱ्याच्या गैरसोयीचे समर्थन होऊ शकत नाही. आणि ज्या गावचे पाणी आपण पितो, त्या गावासाठी चार ओळी लिहिणे हे तर आपले कर्तव्यच आहे.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत एका ठरावापुरती जागा करावी. बृहन्महाराष्ट्र मंडळाने ते ठराव एकत्र करून परराष्ट्र मंत्रालयापुढे ठेवावेत, आणि मंत्रालयाने परस्परतेचा मुद्दा दूतावासाशी बोलताना मांडावा. मसुदा कसा लिहावा, हे आपणास कोणी शिकवावयास नको. आयुष्यभर आपण दुसऱ्यांच्या प्रकरणांवर टिपणे लिहीत आलो. हे प्रकरण आपले स्वतःचे आणि आपल्या शेजाऱ्याचे आहे, इतकाच फरक.