एका आठवड्याचे प्रवाळरक्षक

शाळकरी मुलांना आठवडाभर थायलंडला, बालीला नाही तर मालदीवला न्यायचे, त्यांच्या हातून पोवळ्याचे तुकडे समुद्रतळावरच्या लोखंडी चौकटीला बांधून घ्यायचे आणि परतताना प्रत्येकाच्या हाती प्रमाणपत्र ठेवायचे, या उद्योगाचे एक समर्थक सध्या बरेच लिहिते-बोलते झाले आहेत. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचे म्हणणे एकच आहे. प्रवाळ मरत आहेत, मुलांकडे उत्साह आहे, तो उत्साह पाण्यात सोडला की प्रवाळ जगतात. शिवाय बेटावरच्या लोकांना चार पैसे मिळतात, मुलांची संवेदनशीलता वाढते आणि परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक परिच्छेद वाढतो (हे शेवटचे जरा हळू आवाजात सांगतात). ज्यांना हे पटत नाही ते म्हणे खुर्चीत बसून टीका करणारे.

ठीक आहे. खुर्चीत बसूनच हिशेब मांडू.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. त्या जागेच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर फेकले जाते, प्रवाळ पांढरे पडते, पाणी वेळेत निवले नाही तर मरते. शास्त्रज्ञ या उष्म्याची मोजणी अंश आणि आठवडे यांच्या गुणाकाराने करतात. तो आकडा चारवर गेला की प्रवाळ पांढरे पडू लागतात, आठवर गेला की मरू लागतात. एप्रिल 2024 मध्ये प्रवाळांचे जगातले चौथे सार्वत्रिक विरंजन, म्हणजे पांढरे पडणे, जाहीर झाले. त्यात जगातल्या 80 टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला पांढरे पाडण्याइतकी आच लागली. त्याआधीच, 2009 ते 2018 या काळात, जगातले 14 टक्के, म्हणजे सुमारे 11,700 चौरस किलोमीटर प्रवाळ नाहीसे झाले होते. याच्या समोर पुनर्लागवडीचा पसारा केवढा? जगभरच्या प्रकल्पांचा 2020 मध्ये जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात प्रकल्पाच्या क्षेत्राचा मध्यक निघाला 100 चौरस मीटर. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद.

यावर समर्थकांचे उत्तर ठरलेले असते: थेंबे थेंबे तळे साचे. साचते खरे, पण तळे खालून आटत नसेल तर.

तरीही उष्म्याचा मुद्दा बाजूला ठेवू. तो मोठा आहे आणि त्याचा दोष कोणा शाळेवर टाकता येत नाही. खरा आक्षेप याहून साधा आहे. लावलेले पाहायला कोणी परत जात नाही.

पोवळ्याचा तुकडा बांधला की काम सुरू होते, संपत नाही. तुकडा लाटेने सैल होतो. चौकटीवर चार-सहा आठवड्यांत शेवाळाची दाढी उगवते. ती ब्रशने खरवडली नाही तर तुकडा तिच्याखाली गुदमरतो. ड्रुपेला नावाच्या गोगलगायी येऊन जिवंत भाग कुरतडतात. त्या एकेक करून वेचाव्या लागतात. काटेरी मुकुटाचा तारामासा आला तर एका रात्रीत वसाहतीचा मोठा तुकडा फस्त. हे सगळे महिनोन्महिने, गढूळ पाण्यात, फोटो काढण्याजोगे काही घडत नसताना करायचे असते. ते करतो कोण? बेटावरचा एखादा पगारी पोरगा. त्याच्या कामात आणखी एक काम वाढते, ते म्हणजे पाहुण्यांनी ढिले बांधलेले तुकडे, पाहुणे विमानात बसल्यावर पुन्हा घट्ट बांधणे.

आता धंद्याच्या बाजूने पाहा. सहल विकायची तर मुलांना काहीतरी लावायला मिळाले पाहिजे. ‘या, गेल्या तुकडीने लावलेले घासा’ अशी जाहिरात कोणी करत नाही. म्हणून दर तुकडीला नवी चौकट, नवे तुकडे, नवी पाटी. जुन्या चौकटीचे काय झाले, हा प्रश्न विचारणारे शिक्षकही पुढच्या वर्षी बदललेले असतात. वर सांगितलेल्या आढाव्यात जगण्याचे सरासरी प्रमाण 60 ते 70 टक्के दिसते आणि समर्थक ते अभिमानाने सांगतात. त्याच आढाव्यातले दुसरे एक वाक्य मात्र त्यांच्या भाषणात येत नाही: सुमारे 60 टक्के प्रकल्पांवर दीड वर्षही नजर ठेवली गेली नव्हती. दगडासारखे गोल वाढणारे पोराइट्स प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. नववीतल्या मुलीने लावलेला तुकडा नारळाएवढा होईपर्यंत तिची पदवी, नोकरी आणि कदाचित लग्नही उरकलेले असेल. दीड वर्षात तो तुकडा जगला असे म्हणणे म्हणजे मूल पाळण्यात टाकून त्याला दीर्घायुषी जाहीर करणे होय.

ज्यांनी नजर ठेवली त्यांचीही गत पाहण्यासारखी आहे. जुलै 2023 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला मॅनटी बे येथे पाण्याचे तापमान 38 अंश सेल्सियसवर नोंदले गेले. त्या भागातल्या सोम्ब्रेरो रीफवर दहा वर्षांहून अधिक काळ तरबेज पाणबुड्यांनी लागवड केली होती. ते पाहायला गेले तेव्हा तिथले सगळे प्रवाळ मेले होते. शंभर टक्के. मग रोपवाटिकांतले उरलेले तुकडे घाईघाईने उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले. हे लोक अनुभवी होते, पगारी होते, बारमाही तिथे होते. आठवड्याच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत टाक्यांचा दिवस कोणता असतो, हे समर्थकांनी कधीतरी सांगावे.

उत्साहाची याहून जुनी गोष्टही फ्लोरिडातलीच आहे. 1972 मध्ये फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यासमोर मासे आणि प्रवाळ यावेत म्हणून जुने टायर समुद्रात टाकायची टूम निघाली. हौशी लोक आपापल्या होड्या घेऊन मदतीला आले. सुमारे वीस लाख टायर टाकले गेले. प्रवाळ काही टायरवर बसले नाही. टायर बांधलेले पट्टे तुटले, टायर सुटे झाले आणि वादळांत घरंगळत जाऊन शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटले. 2007 पासून ते लष्कराच्या पाणबुड्यांकडून वर काढायला सुरुवात झाली. त्या होड्यांतल्या प्रत्येकाला आपण समुद्राचे भले करतो आहोत असेच वाटत होते आणि त्या भावनेत खोट नव्हती. एवढ्यासाठीच ‘भावना तर चांगली आहे ना’ हे वाक्य या विषयात चालत नाही.

आपल्याकडचा वृक्षारोपणाचा वाद ज्यांना आठवतो, त्यांना या सगळ्यात नवे काही वाटणार नाही. दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात तेच पाहुणे तेच रोप लावतात, अशी टीका होते. उत्तर येते की टीकाकारांना झाडेच नको आहेत. टीकाकारांना झाडे हवी असतात. मे महिन्यात पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात हवा असतो. तो वाद कुठल्याच व्यासपीठावर कधी संपला नाही, कारण पाणी घालणाऱ्याला व्यासपीठावर कोणी बोलावले नाही.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. ज्याला पाण्यात स्थिर तरंगता येत नाही अशा नवशिक्याच्या फिन्सचा फटका जिवंत प्रवाळाला बसतो आणि उडालेली वाळू त्याच्यावर बसते. समुद्र तापवणाऱ्या विमानातूनच समुद्र वाचवायला जायचे असते. काही सनस्क्रीनमधली रसायने प्रवाळाला घातक ठरतात म्हणून पलाऊने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. सहलीच्या सामानाच्या यादीत मात्र नुसते ‘सनस्क्रीन’ असते.

या सहली परदेशातच का जातात, याचेही उत्तर बोलके आहे. प्रवाळभित्ती भारतातही आहेत: कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपला, अंदमान-निकोबारला. पण 2001 पासून भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याचा तुकडा तोडणे तर सोडाच, परवानगीवाचून तो हलवताही येत नाही. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांचे स्थलांतर करावे लागले, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि सागरशास्त्रज्ञ असा सगळा सरंजाम लागला. ते काम नववीच्या तुकडीला द्यावे असे कोणाला सुचले नाही. जे वरळीला गुन्हा ठरेल ते परदेशात जाऊन केले की समाजकार्य ठरते. सहलींना निमित्तही तयार असते: आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय बोर्डाच्या पदविका अभ्यासक्रमात सर्जनशीलता, उपक्रम आणि सेवा हा भाग अनिवार्य असतो. बोर्डाने त्यासाठी कोणाला बालीला पाठवलेले नाही, पण सहल विकणाऱ्यांना तेवढी फट पुरली.

समर्थकांच्या भात्यातला सर्वांत चांगला बाण इंडोनेशियातला आहे, आणि तो खरा आहे. दक्षिण सुलावेसीच्या किनाऱ्याजवळच्या बेटांभोवती काही दशकांपूर्वी स्फोटके टाकून मासे मारले जात. त्यात प्रवाळांचा चुरा झाला आणि हलत्या चुऱ्यावर नवे प्रवाळ बसेना. तिथे वाळूचा लेप दिलेल्या षटकोनी लोखंडी चौकटी एकमेकींत अडकवून त्यांवर तुकडे बांधले गेले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की चार वर्षांत ही भित्ती वाढीच्या वेगात शेजारच्या निरोगी भित्तीच्या बरोबरीला आली. उत्तम! पण तिथे नुकसानीचे कारण स्फोटके होती आणि ती थांबली होती. उष्णता अशी थांबत नाही. जागा वर्षानुवर्षे तीच राहिली. आणि काम मुख्यतः बेटावरच्या लोकांच्या हातचे होते. मुंबई-पुण्याची सहल आली नसती तरी तिथे काही अडले नसते. बाण चांगला आहे, फक्त तो समर्थकांच्याच दिशेने येतो.

मग मुलांनी समुद्रावर जाऊच नये का? जावे. लावू नये, मोजावे.

क्वीन्सलँड विद्यापीठात 2002 मध्ये एक रंगपट्टी तयार झाली. पाण्यात नेता येईल असे प्लास्टिकचे कार्ड, त्यावर फिक्यापासून गडदपर्यंत एक ते सहा छटा. कार्ड प्रवाळाजवळ धरायचे, त्याचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद रंग कोणत्या छटेशी जुळतो ते लिहायचे. प्रवाळाला हात लावायचा नसतो. बारा वर्षांच्या मुलीला अर्ध्या तासात शिकवता येते. रीफ चेक या स्वयंसेवकांच्या मोजणीने 1997 मध्ये पहिल्याच वर्षी तीसहून अधिक देशांतल्या भित्ती पाहून घेतल्या, त्याही अशाच साध्या नोंदींवर. लक्षद्वीपमध्ये प्रवाळांचे आच्छादन 1998 मधल्या सुमारे 37 टक्क्यांवरून 2022 मध्ये 20 टक्क्यांच्या खाली आले हे आज सांगता येते, कारण संशोधक त्याच बेटांवर चोवीस वर्षे परत परत जात राहिले.

त्यासाठी विमान लागत नाही. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोटीला प्रवाळ उघडे पडतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ते आहेत. शाळेने एक जागा ठरवावी, वर्षातून दोनदा त्याच जागी जावे, आठवीच्या वर्गाने वही भरून पुढच्या आठवीला द्यावी आणि नोंदी एखाद्या संशोधन संस्थेकडे पाठवाव्यात. सोबत वाटाड्या म्हणून तिथलाच माणूस घ्यावा आणि त्याला त्याच्या ज्ञानाचे पैसे द्यावेत.

मालवणचा उल्लेख आला म्हणून एक जुनी तक्रारही पुन्हा नोंदवणे भाग आहे. तिथे 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून बाहेरून आलेले लोक गाबितांना, म्हणजे तिथल्या मच्छीमारांना, समुद्राचे शत्रू ठरवत आले आहेत. किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणारा माणूस किनाऱ्याला बांधलेला असतो. समुद्र ओरबाडला तर पहिली उपासमार त्याची. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध तोच ओरडत होता, तेव्हा आजचे प्रवाळप्रेमी स्नॉर्केलिंगचे दर विचारत होते. मुलांना समुद्र शिकवायचा तर आधी त्याच्याशी बोलायला लावा. पाणी कधी गढूळ व्हायला लागले, कोणता मासा दिसेनासा झाला, हे त्याला ठाऊक असते.

यात फोटो फार चांगले येत नाहीत, हे कबूल. विद्यापीठाच्या अर्जात ‘पाच वर्षे एकाच खडकाचे रंग नोंदवले’ हे ‘इंडोनेशियात प्रवाळ पुनरुज्जीवित केले’ याच्यापुढे फिके दिसेल. पण पहिले वाक्य खरे असेल.

ज्या पालकांच्या हाती या हंगामाचे माहितीपत्रक आले असेल, त्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकाला लेखी तीन प्रश्न विचारावेत: तीन वर्षांपूर्वीच्या तुकडीने नेमके किती तुकडे लावले, त्यांतले आज किती जिवंत आहेत, आणि ते शेवटचे कोणी आणि कधी मोजले? आकडे मिळाले नाहीत तर पैसे भरू नका.