परतलेल्यांना हिशेब कोण सांगणार?

खेड-चिपळूणकडची बरीच पोरं दुबईला कमवून आता परत यायचं म्हणतायत. तिथं पगारावर प्राप्तिकर नाही. इकडे मुंबई-पुण्यातली कंपनी आकडा सांगते तो 'सीटीसी'चा. महिना 40 हजार ऐकून माणूस घराचा हप्ता ठरवून मोकळा होतो. पण त्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. आपला वाटा, साधारण मूळ पगाराच्या 12 टक्के, वेगळा कापतात. वर वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर. प्राप्तिकराची धास्ती मात्र नको. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या पगाराला तो लागत नाही. सही करण्याआधी विचारा, "हातात किती पडणार?"

दुसरं एनआरई खात्याचं. व्याज करमुक्त, पण तुम्ही अनिवासी आहात तोवरच. कायमचे परतलात की बँकेला कळवून खातं बदलून घ्यावं लागतं. हे किती जणांना ठाऊक आहे?

ठेवी हव्या असतात तेव्हा बँकवाले घरी येऊन चहा पितात. मग परतलेल्यांसाठी महिन्यातून एक दिवस शाखेत बसून हा हिशेब समजावायला काय हरकत आहे? आयुष्यभराची कमाई आहे हो ती!