काढलेल्या जिन्नसाचे काम

सांगलीच्या बाजारपेठेतील अनेक जैन व्यापारी घरांत सायंकाळच्या जेवणाची वेळ घड्याळ ठरवीत नाही, सूर्य ठरवितो. जुलैच्या आरंभी तेथे सूर्यास्त सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो. डिसेंबरच्या आरंभी तो सहाच्या आतच होतो. म्हणजे वर्षभरात जेवणाची वेळ सुमारे सव्वा तासाने मागेपुढे सरकते. दुकानाची वेळ मात्र सरकत नाही आणि मुलांच्या शिकवणीचीही सरकत नाही. या ओढाताणीत पहिला बळी जातो तो एकत्र जेवण्याचा.

हळद आणि भुसार मालाची पेढी असलेले असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात आजी, पेढीवर बसणारा मुलगा, सून आणि नववीत शिकणारा नातू. हिवाळ्यात सव्वापाचला पेढीवर डबा जातो. नातू पाच ते सात शिकवणीला असतो आणि परत येताना कोपऱ्यावरच्या गाडीवर पावभाजी खाऊन येतो. त्या भाजीत बटाटा, कांदा, लसूण सर्व काही असते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. आजी त्याला रागावत नाही. पावणेसहाला ताटावर बसते, क्षणभर दाराकडे पाहते, “आला का गं?” एवढेच विचारते आणि एकटीच जेवून हात धुते. तिचे हे न रागावणेच सुनेला अधिक लागते.

सुनेने विचार केला. मुलगा नियमाच्या रागाने बाहेर खात नव्हता. घरच्या कंटाळ्याने खात होता. सोमवारी मुगाची खिचडी, मंगळवारी कढी, बुधवारी वरणफळे, गुरुवारी पुन्हा खिचडी. घाईच्या संध्याकाळी हात ओळखीच्या डब्याकडेच जातो, यात नवल नाही. तेव्हा गाडीवरचा पदार्थच घरात आणावा असे तिने ठरविले. एका पाककृतीच्या पुस्तकातील शाकाहारी पावभाजी तिने काढली, त्यातील बटाटा, कांदा, लसूण, आले आणि लोणी यांवर काट मारली आणि उरलेले जिन्नस शिजविले. रविवारी साडेपाचला भाजी ताटात आली. नातवाने दोन घास घेतले आणि म्हणाला, “आई, ही पावभाजी नाही, टोमॅटोचे सार आहे.”

मुलाचे म्हणणे खरे होते आणि चूक कोठे झाली तेही उघड होते. पाच जिन्नस वजा झाले. त्यांच्या जागी जमा काहीच झाले नाही. पेढीवरचा दिवाणजी काम सोडून गेला तर मालक त्याची गादी रिकामी ठेवून स्वस्थ बसत नाही. हिशेब कोण लिहील, उधारी कोण वसूल करील, हुंडेकऱ्याशी कोण बोलेल, याची तो वाटणी करतो. कदाचित एका माणसाचे काम तिघांना द्यावे लागते. स्वयंपाकातही तसेच आहे. एखादा जिन्नस काढला की तो काय काम करीत होता हे प्रथम विचारावे. नुसते नाव खोडून भागत नाही.

बटाट्याचे काम भाजीला एकजीव करण्याचे. त्यातील पिष्ट पाणी आणि तूप यांना धरून ठेवते. कांद्याची कामे तीन: परतल्यावर येणारी गोडी, तांबूस रंगाबरोबर येणारी खमंग चव आणि रश्शाचा दाटपणा. लसणीचे काम मुख्यतः वासाचे. आल्याचे काम तिखटपणाची ऊब देण्याचे. लोण्याचे काम स्निग्धतेचे. कामे अशी वेगळी मांडली की पर्याय शोधणे सोपे होते.

बटाट्याचे काम कच्चे केळे उत्तम करते. त्यातही पिष्ट भरपूर असते आणि स्वतःची चव फारशी नसते. कांद्याची गोडी आणि दाटपणा दुधी देतो, पण तो केवळ उकडून चालत नाही. किसून, तुपात, पाणी आटून कडेने तांबूस होईपर्यंत परतावा लागतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुधी किसण्यापूर्वी त्याचा छोटा तुकडा चाखून पाहावा आणि कडू लागल्यास थुंकून तो दुधी टाकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो. शिजविल्याने त्याचा दोष जात नाही. आल्याऐवजी सुंठ. ओले आले वर्ज्य असले तरी वाळलेली सुंठ आणि हळद बहुतेक घरांत चालते. लोणी न खाणाऱ्या घरात तूप आहेच.

राहिला लसणीचा वास. ते काम हिंगाचे. हिंग म्हणजे एका वनस्पतीचा वाळलेला चीक. कांदा-लसणीच्या उग्र वासामागे जशी गंधकाची संयुगे असतात, तशीच हिंगातही असतात. म्हणून तो त्यांची जागा घेऊ शकतो. भारतात हिंग शतकानुशतके मुख्यतः अफगाणिस्तान, इराणकडून येत आला. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने 15 ऑक्टोबर 2020 रोजी लाहौल खोऱ्यात त्याचे रोप लावले, तेव्हा देशातील लागवडीच्या प्रयत्नाला आरंभ झाला. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधानी असतो, म्हणजे त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. त्यामुळे एका डबीचा पाव चमचा दुसऱ्या डबीच्या पाव चमच्याइतका तीव्र असेलच असे नाही. डबी बदलली की प्रमाण नव्याने जुळवावे लागते.

दुसऱ्या रविवारी सुनेने हे सर्व केले, पण भाजी चिकट आणि काळपट झाली. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या वेळी तिने तोंड उघडले. “सोलून शिजवलीस ना केळी? सालीसकट वाफवायची. आणि गरम असताना घोटायची नाहीत. गार झाली की किसायची. हिंग वरून भुरभुरायचा नाही, कोमट तुपात फुलवायचा.” चाळीस वर्षांपूर्वी पर्युषणाच्या आधी ती केळ्याचे वडे करीत असे. तिला कोणी विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितले नव्हते.

आजीच्या सांगण्यामागे कारण आहे. कच्चे केळे सोलले किंवा चिरले की त्यातील द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन ते काळे पडते. सालीसकट वाफविल्याने ही क्रिया थांबते. आणि पिष्टमय पदार्थ गरम असताना फार घोटला की चिकट होतो. गार करून किसला की मोकळा राहतो. पदार्थविज्ञानाचे पुस्तक न उघडता आजीने हे हाताने शिकलेले होते.

तिसऱ्या रविवारचे प्रमाण पाच माणसांसाठी असे होते. मध्यम आकाराची चार कच्ची केळी सालीसकट वाफवून, गार करून किसलेली. दुधीचा कीस दोन वाट्या. टोमॅटो अर्धा किलो, वाटलेले. दोन ढोबळी मिरच्या बारीक चिरून, मटार एक वाटी. तूप चार मोठे चमचे. बांधानी हिंग अर्धा लहान चमचा, सुंठ पाव चमचा, लाल तिखट, हळद, मीठ, शेवटी लिंबू आणि कोथिंबीर. तीन चमचे तुपात निम्मा हिंग फुलवून त्यात दुधी दहाबारा मिनिटे परतला. मग टोमॅटो घालून तूप सुटेपर्यंत शिजविले. त्यानंतर मसाला, ढोबळी मिरची, वाफविलेले मटार आणि केळ्याचा कीस घातला, वाटीभर गरम पाणी ओतले आणि दहा मिनिटे मंद आचेवर ठेवले. उरलेले तूप, उरलेला हिंग आणि चिमूटभर तिखट यांची फोडणी अखेरीस वरून दिली. यीस्टचा पाव त्या घरात चालत नाही, म्हणून ज्वारीची जाड भाकरी तूप लावून तव्यावर पुन्हा शेकली. हिरव्या भाज्या वर्ज्य असलेल्या तिथीला अर्थात ही भाजी करता येत नाही. त्या दिवसासाठी डाळी आणि कडधान्ये आहेतच.

मसाला घरचा होता: धणे, जिरे, बडीशेप, दालचिनी, लवंग, मिरी, मसाला वेलदोडा, तमालपत्र आणि आमचूर. तयार पुडी घेणाऱ्यांनी मागची बाजू वाचावी. वेष्टनावरची हिरवी खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. कंदमुळांविषयी ती काहीच सांगत नाही. लसूण-पूड, कांदा-पूड असलेल्या मसाल्यावरही हिरवी खूण असते, आणि तशीच ती मध असलेल्या पदार्थावरही असते. परदेशी पाककृतींत तर आणखी दक्षता हवी. मांसविरहित म्हणून दिलेल्या कित्येक कृतींत मांसाची जागा अळंबी घेते. त्यांवर किसून घालायचे इटलीचे पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून बनते. लिंबाने फाडलेल्या पनीरला हा प्रश्नच नाही.

काम ओळखण्याची ही रीत पावभाजीपुरती नाही. कढीचेच पाहावे. द्विदल टाळणाऱ्या घरांत कच्च्या दह्यात बेसन कालवीत नाहीत. दही आधी गरम करावे लागते. पण नुसते दही तापविले की ते फुटते, कारण एरवी त्याला फुटू न देण्याचे काम बेसनाचे पिष्ट करते. मग ते काम तांदळाच्या पिठाला द्यावे. दोन वाट्या दह्याला एक चमचा तांदळाचे पीठ घालून चांगले घुसळावे, मंद आचेवर सतत ढवळीत ऊन करावे आणि मग पाण्यात कालविलेले बेसन घालावे. तांदूळ द्विदल नाही. नियमही राहतो आणि कढीही राहते.

आणखी एक गोष्ट सुनेने केली, ती व्यापारी घराला शोभणारी होती. तिने एक वही घातली. डाव्या बाजूस काढलेला जिन्नस, मध्ये त्याचे काम, उजवीकडे ते काम कोणाला दिले आणि शेवटी निकाल. एका वेळी एकच बदल करावयाचा, हा तिचा दंडक. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कोणाच्या खाती मांडावा हे कळत नाही. मापे वाटी-चमच्याची ठेवली. कमलाबाई ओगले यांच्या 1970 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने महाराष्ट्रातील घराघरांत वाटी-चमच्याचे हे माप रुजविले, त्यामुळे एकीचा पदार्थ दुसरीला तसाच करता आला. तरला दलाल यांनीही 1966 साली मुंबईत आपल्या घरातच पाकवर्ग सुरू केले आणि पुढे देशोदेशीचे पदार्थ शाकाहारी स्वयंपाकघरात आणले. दोघींचेही काम अंदाजावर नव्हे, नोंदींवर उभे राहिले. आजींच्या हातचे पुष्कळ काही केवळ नोंद नसल्यामुळे त्यांच्याबरोबर गेले, ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी नातवाने भाजी संपविली. स्तुती केली नाही. “गाडीवाल्यासारखी नाही, पण चांगली आहे,” इतकेच बोलला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. आजी त्याच्या शेजारच्या पाटावर होती. सूर्य मावळायला अजून दहा मिनिटे होती.

मंगळवारी शिकवणीला निघताना तो दारात थांबला. “पावणेसहाला दहा मिनिटांची सुट्टी असते. डबा देशील?” सुनेने भाकरीत भाजी गुंडाळून दिली. पुढे आठवड्यातून तीन दिवस डबा जाऊ लागला. उरलेल्या दिवशी तो अजूनही कधी गाडीवर थांबतो, हे घरात सर्वांना माहीत आहे. तीही एक शिल्लक बाकी आहे. ती एकदम वसूल होत नाही आणि तगाद्याने तर मुळीच नाही.

वहीत तिसऱ्या रविवारच्या नोंदीपुढे सुनेने ‘जमले’ असा शेरा लिहिला होता. काही दिवसांनी त्याखाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरांत एक ओळ आढळली: ‘केळी सालीसकटच. पुढच्या वेळी वड्यांचे प्रमाण सांगेन.’